शेकऐवजी बार चालेल का? आधी त्यातला पाक ओळखा

प्रश्न: माझे वय ४३. राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये. गेले सात महिने सकाळच्या नाश्त्याऐवजी मील रिप्लेसमेंट शेक घेते. दोन स्कूप पावडर आणि २५० मिली टोन्ड दूध. वजन ७८ वरून ७३ किलोवर आले आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) ६.४ वरून ६.१ वर. आता मात्र त्या व्हॅनिलाच्या वासानेच नकोसे होते. गाडीत शेकर उघडता येत नाही आणि ऑफिसात पोहोचेपर्यंत त्याला वास सुटतो. त्याऐवजी बार खाल्ला तर चालेल का? दोन बारच्या वेष्टनांचे फोटो सोबत पाठवले आहेत. थायरॉइडची गोळी रोज पहाटे घेते.

उत्तर: चालेल, परंतु रोज नव्हे आणि पाठवलेल्या दोन्हींपैकी एकच. आठवड्यातून दोन-तीन दिवस, गाडी गाठायची घाई असेल त्या दिवशी बार घ्यावा, आणि त्या दिवशी ऑफिसात पोहोचल्यावर कपभर दूध किंवा वाटीभर दही आठवणीने घ्यावे, असे माझे मत आहे. ते का, हे सविस्तर सांगतो, कारण बार म्हणजे घट्ट केलेला शेक, अशी समजूत करून घेऊन बदल करणारे अनेक जण गेल्या वीस-बावीस वर्षांत माझ्याकडे आले आहेत आणि त्यांतील बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी झालेली असते.

ती गफलत दुधाची. तुमच्या शेकमध्ये पावडरीकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण त्यातले २५० मिली टोन्ड दूध एकट्याने सुमारे १५० कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देत असते. पावडर सोडून बार घेतला की पावडरीच्या जागी बार येतो. दुधाच्या जागी काहीच येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे तुम्ही नकळत त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा ताटातून काढून टाकाल. पाळी जाण्याच्या वयाकडे झुकणाऱ्या स्त्रीने हे करू नये. शिवाय शेकबरोबर पाव लिटर पाणी आपोआप पोटात जाते. बार हा कोरडा पदार्थ आहे, त्यात ओलावा फारसा नसतो, त्यामुळे तो खाऊन वर घोटभर चहा घेणाऱ्याला अकरा वाजता जी भूक लागल्यासारखी वाटते ती कित्येकदा निव्वळ तहान असते.

आता बारकडे वळू. आपल्या घरातील स्त्रियांना हे समजावणे सोपे जाते, कारण वडी आणि लाडू त्यांनी केलेले असतात. पीठ, दाणे किंवा तीळ नुसते एकत्र केले तर ते हातात राहत नाहीत. त्यांना धरून ठेवायला पाक लागतो. रव्याच्या लाडवाला एकतारी पाक पुरतो, चिक्कीला मात्र वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला की टणक गोळी व्हावी इतका पुढे न्यावा लागतो. शेकच्या पावडरीला ही अडचण नाही. ती डब्यात मोकळी राहू शकते. बार करणाऱ्याला मात्र पाक चुकत नाही, आणि पोषणाच्या दृष्टीने एका बारमध्ये आणि दुसऱ्यात जो फरक असतो तो बव्हंशी या पाकाचा फरक असतो. स्वस्त बारमध्ये तो ग्लुकोज सिरप, गूळ, मध किंवा खजुराचा गर असतो. म्हणजे सरळ साखर, मग वेष्टनावर मधमाशीचे चित्र असो वा खजुराचे झाड. 'साखरविरहित' म्हणवणाऱ्या बारमध्ये तेच काम माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, ग्लिसरीन, किंवा चिकोरीच्या मुळापासून काढलेले इन्युलिन यांच्याकडून करून घेतात. भारतीय वेष्टनावर ही नावे पुष्कळदा आकड्यांत लपलेली असतात: ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ४२२ म्हणजे ग्लिसरीन, ९६५ म्हणजे माल्टिटॉल, ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम असल्यामुळे पहिल्या तीन-चार नावांत पाकाचे नाव आले, तर त्या बारमध्ये पाकच फार आहे असे खुशाल समजावे.

तुम्ही पाठवलेला पहिला फोटो ओट्स आणि सुकामेव्याच्या बारचा आहे. वजन ४० ग्रॅम, १७० कॅलरी, प्रथिने ३.५ ग्रॅम, साखर ११ ग्रॅम. एकूण ऊर्जेतील प्रथिनांचा वाटा काढायला प्रथिनांच्या ग्रॅमना चाराने गुणावे (एका ग्रॅमच्या चार कॅलरी) आणि येणाऱ्या आकड्याला एकूण कॅलरींनी भागावे; येथे १४ भागिले १७०, म्हणजे जेमतेम ८ टक्के. जेवणाऐवजी घ्यायच्या पदार्थांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेचे १९९१ चे मानक असे सांगते की एका वेळच्या पदार्थातून २०० ते ४०० कॅलरी मिळाव्यात आणि त्यातील किमान २५ टक्के ऊर्जा प्रथिनांतून यावी. या कसोटीवर पहिला बार सरळ बाद होतो. तो वाईट पदार्थ आहे असे नव्हे. ट्रेकला जाताना पिशवीत असावा असा तो खाऊ आहे, पण नाश्त्याची जागा त्याला देऊ नये, आणि तुमच्या एचबीए१सीला तर नाहीच नाही.

दुसरा बार ६० ग्रॅमचा आहे. सुमारे २२५ कॅलरी, प्रथिने २० ग्रॅम, कर्बोदके २५ ग्रॅम. त्यापैकी तंतू ९, पॉलिऑल (म्हणजे माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांच्या जातीचे गोड पदार्थ) ११ आणि साखर २. गुणाकार-भागाकार केला तर प्रथिनांचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर जातो. हा घेण्याजोगा आहे. प्रथिने कशाची आहेत हेही पाहिले: सोया आणि व्हे (दुधाच्या निवळीतील प्रथिने), दोन्ही चांगल्या प्रतीची. येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण मुले अमेरिकेत असलेल्या घरांतून परदेशी बारची खोकी माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्यांतील काहींमध्ये प्रथिनांचा मोठा वाटा कोलॅजन किंवा जिलेटिनचा असतो, कारण त्याने बार महिनोन्‌महिने मऊ राहतो. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्लच नसते, त्यामुळे तक्त्यात २० ग्रॅम छापलेले असले तरी शरीराच्या हिशेबात ते २० भरत नाहीत. हिरवा ठिपका असलेल्या भारतीय बारमध्ये हा प्रश्न उद्‌भवत नाही. त्याच परदेशी वेष्टनांवर 'नेट कार्ब्स' असा एक मोठा आकडा असतो. एकूण कर्बोदकांतून तंतू आणि पॉलिऑल वजा करून तो काढतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या शब्दाची कोणतीही व्याख्या केलेली नाही, तेव्हा त्या आकड्यावर विसंबून औषध किंवा जेवण ठरवू नये.

तुमच्या बारमधील ११ ग्रॅम पॉलिऑल मुख्यतः माल्टिटॉल आहे. माल्टिटॉलची ऊर्जा साखरेच्या निम्म्याच्या थोडी वर भरते आणि रक्तातील साखर तो साखरेपेक्षा कमी चढवतो, पण चढवतो. जो भाग लहान आतड्यात शोषला जात नाही तो मोठ्या आतड्यात जाऊन तेथील जिवाणूंचे खाद्य होतो, पाणी ओढून घेतो, आणि मग पोट फुगणे, गुरगुरणे, क्वचित जुलाब हे ओघाने येतेच; वेष्टनावर बारीक अक्षरांत तशी सूचना असते ती याचसाठी. त्यातच इन्युलिनचे तंतू एकदम नऊ ग्रॅम. साडेसातच्या गाडीत, जेथे हात वर करून उभे राहायलाही जागा नसते, तेथे हा प्रयोग पहिल्यांदा करू नये, एवढेच नम्रपणे सुचवतो. पहिले दोन वेळा सुट्टीच्या दिवशी घरी अर्धाच बार खावा, सोबत पाणी घ्यावे, तिसऱ्या वेळी पूर्ण खावा. ज्यांना मुळातच कांदा, राजमा, वाटाणे यांनी पोटाचा त्रास होतो, त्यांना असे बार बहुधा सोसत नाहीत; त्यांनी एरिथ्रिटॉल असलेला बार पाहावा, कारण तो बराचसा लहान आतड्यातच शोषला जाऊन लघवीवाटे निघून जातो.

साखरेच्या बाबतीत वेष्टनापेक्षा तुमचे स्वतःचे रक्त अधिक खरे बोलेल. घरी ग्लुकोमीटर नसेल तर महिनाभर कोणाचा तरी मागून आणावा. एका रविवारी सकाळी उपाशीपोटी साखर मोजून नेहमीचा शेक घ्यावा आणि पहिल्या घोटापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजावी. पुढच्या रविवारी त्याच वेळी, आदल्या रात्री साधारण तेच जेवून, शेकच्या जागी बार घ्यावा आणि पहिल्या घासापासून दोन तास धरावेत. दोन्ही दिवशी मधल्या वेळात चहा नको, चालायला जाणे नको. दोन तासांचा आकडा १४० च्या खाली राहिला आणि दोन्ही दिवसांत १५-२० पेक्षा जास्त अंतर पडले नाही, तर साखरेच्या दृष्टीने बार तुम्हाला मानवतो असे मी म्हणेन. एकाच मोजणीवर निष्कर्ष काढू नये. जमल्यास दोनदा करावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वाचकांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाश्ता बदलू नये, कारण औषधाचा डोस तसाच राहून कर्बोदके घटली तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

भुकेचे गणित जरा गुंतागुंतीचे आहे. सर्वसाधारणपणे द्रव पदार्थ जठरातून लवकर पुढे सरकतो आणि चावून खाल्लेले अन्न अधिक वेळ तृप्ती देते, म्हणून बार जिंकायला हवा. प्रत्यक्षात बार चार घासांत संपतो. मी एकदा दवाखान्यात चार निरनिराळे बार सुरीने कापून, स्वतः खाऊन पाहिले होते. चॉकलेटचे कवच कडकन फुटायचे, आतला भाग तिळगुळाच्या अर्धवट झालेल्या पाकासारखा ताणला जायचा, आणि तीन मिनिटांत हात रिकामा. शेकचा मोठा ग्लास पिऊन जठर जसे भरल्यासारखे वाटते तसे येथे होत नाही, आणि डोळ्यांनाही जेवल्यासारखे वाटत नाही. यावर उपाय साधा आहे. बार चार तुकडे करून डब्यात न्यावा, मोबाईल बाजूला ठेवून दहा-बारा मिनिटांत सावकाश चावून खावा, त्यासोबत किंवा लगेच नंतर मोठा पेलाभर पाणी प्यावे आणि एक पेरू किंवा सफरचंद जवळ असू द्यावे. पेरू मी मुद्दाम सांगतो: स्वस्त असतो, गाडीत खाता येतो आणि भरपूर चावावा लागतो.

या दोन पदार्थांची कुळेही निराळी आहेत. वजन कमी करण्याच्या पेयांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेत १९५९ साली आलेले मेट्रेकल. दिवसभरात चार वेळा मिळून ९०० कॅलरी, म्हणजे त्याचा हेतूच कमी खाणे हा होता. बार मात्र दुसऱ्या घरातून आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पिल्सबरी या अमेरिकी खाद्यकंपनीने अंतराळवीरांच्या खाद्यावरून काढलेल्या कांड्या बाजारात आणल्या, आणि १९८६ मध्ये ब्रायन मॅक्सवेल या कॅनडाच्या मॅरेथॉन धावपटूने पॉवरबार सुरू केला, तो धावताना अंगातले बळ संपू नये म्हणून. पळणाऱ्याला झटपट ऊर्जा देण्यासाठी जन्मलेला पदार्थ आज ऑफिसात आठ तास बसणाऱ्याच्या पर्समध्ये आला आहे, हे विसरू नये.

म्हणूनच 'लुक अहेड' या अमेरिकी अभ्यासातली मांडणी मला पटते. टाइप २ मधुमेहाच्या ५,१४५ रुग्णांवरील या अभ्यासात जीवनशैली बदलण्याच्या गटाला सुरुवातीच्या काही महिन्यांत दोन जेवणांऐवजी शेक आणि एका मधल्या खाण्याऐवजी बार असा कार्यक्रम सांगितला होता. वर्षअखेरीस त्या गटाचे वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरले. अर्थात त्यात व्यायाम होता, नियमित भेटी होत्या, केवळ बारचे हे श्रेय नाही. पण जागावाटप पाहा: जेवणाच्या जागी शेक, खाऊच्या जागी बार. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर बारची खरी स्पर्धा तुमच्या शेकशी नसून स्टेशनबाहेरच्या वडापावशी आहे, आणि सुमारे ३०० कॅलरी व जेमतेम सहा-सात ग्रॅम प्रथिनांच्या त्या वडापावापुढे तुमचा दुसरा बार नक्कीच सरस ठरतो. चवीत नाही, हे मान्य. याच संदर्भात अनेक जण ब्रिटनमधील 'डायरेक्ट' अभ्यासाचा दाखला देतात, ज्यात वर्षभरानंतर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात राहिला होता. तो दाखला येथे गैरलागू आहे. तेथे तीन ते पाच महिने संपूर्ण आहारच सुमारे ८५० कॅलरींच्या शेक आणि सूपवर होता, तोही वैद्यकीय देखरेखीखाली. एका नाश्त्याला बार खाण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

काहींनी हा बदल करूच नये. डॉक्टरांनी आजारासाठी लिहून दिलेली पावडर, म्हणजे मूत्रपिंडाच्या विकारात, कर्करोगाच्या उपचारांत, गिळण्याचा त्रास असताना किंवा लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेली, हिच्या जागी दुकानातला बार चालत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी त्यातील प्रथिने, फॉस्फरस आणि पोटॅशियम हे तिन्ही तापदायक ठरू शकतात. घरातील वृद्धांना कवळी असेल तर त्यांना बार देऊ नये. तो चिवट असतो, कोरडे कण ठसक्याने श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि 'आईला अशक्तपणा आहे, म्हणून बार पाठवलेत' असे प्रेमाने सांगणाऱ्या मुलांना मला हे नेहमी समजावावे लागते. एका मध्यमवयीन गृहस्थांची दाढेवरची कॅप फ्रीजमधल्या बारला चिकटून निघाली होती, तो प्रसंग मला अजून आठवतो.

थायरॉइडच्या गोळीचा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइडच्या नेहमीच्या गोळीतील औषधाच्या, शोषणात कॅल्शियम आणि लोह अडथळा आणतात, सोयाही काही प्रमाणात आणतो. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळीत आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात ते यासाठीच. तुमच्या शेकमध्ये दूध होते, बारमध्ये सोया आणि वरून घातलेली खनिजे आहेत. म्हणजे अडथळ्याचा प्रकार आणि प्रमाण दोन्ही बदलणार. पहाटे साडेपाचला गोळी घेऊन बार गाडीत न खाता ऑफिसात पोहोचल्यावर, साडेनऊच्या सुमारास खाल्ला, तर अंतर आपोआप सांभाळले जाईल. बार नियमित सुरू केल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना नाश्ता बदलल्याचे सांगावे. गोळीचा डोस आपल्या मनाने हलवू नये.

आता खर्चाचे बोलू, कारण तुम्ही विचारले नसले तरी महिन्याअखेरीस तो प्रश्न येणारच. चांगला बार शंभर रुपयांच्या आसपास पडतो. ४० ग्रॅम फुटाणे, म्हणजे मोठी मूठभर, साधारण नऊ ग्रॅम प्रथिने देतात. त्यावर २५० मिली दूध घेतले की सतरा ग्रॅम होतात, कॅलरी तीनशेच्या आत राहतात, आणि एवढा सगळा नाश्ता बारच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात उरकतो. फुटाण्यांना वास सुटत नाही, ते वितळत नाहीत, आणि शेजारच्या बाईंना चार देताही येतात. जीवनसत्त्वे घालून बळकट केलेल्या बारइतके सूक्ष्म पोषक घटक त्यात नसतात हे खरे, पण दुपारच्या डब्यात पालेभाजी आणि उसळ असेल तर ती उणीव फार मोठी नाही. शेंगदाण्याची चिक्की मात्र या जागी आणू नये. ४० ग्रॅमच्या तुकड्यात प्रथिने पाच-सहा ग्रॅम आणि जवळजवळ निम्मा गूळ असतो.

तेव्हा आठवड्याची आखणी अशी करून पाहावी: दोन दिवस दुसऱ्या फोटोतला बार आणि ऑफिसात दही, दोन दिवस फुटाणे आणि दूध, शनिवारी किंवा रविवारी घरी बसून मुगाचे धिरडे किंवा दोन अंडी, आणि राहिलेल्या दिवशी शेकच, पण व्हॅनिलाऐवजी साधी, बिनचवीची पावडर दुधाऐवजी ताकात, जिरेपूड घालून. पुष्कळांचा कंटाळा शेकचा नसून त्या गोड वासाचा असतो, असा माझा अनुभव आहे. बिनचवीची पावडर मिळाली नाही तर तो दिवसही फुटाण्यांना द्यावा.

बार घेताना मागची निर्मितीची तारीख पाहावी. प्रथिनांचे बार दुकानात पडून राहिले की महिन्यागणिक कडक होत जातात. अंगठ्याने दाबल्यावर दबला नाही तर तो परत ठेवावा. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत किंवा खिडकीजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नये, वरचे कवच वितळून वेष्टनाला चिकटते. खाल्ल्यावर चूळ भरावी, पाकाचा चिकटा दातांच्या फटीत राहतो. दोन आठवडे रोज तीन नोंदी वहीत कराव्यात: नाश्ता काय आणि किती वाजता, पुढची खरी भूक किती वाजता लागली, आणि पोट कसे होते. त्या नोंदी आणि दोन्ही रविवारचे साखरेचे आकडे पाठवलेत, तर बार आठवड्यातून दोनदा ठेवायचा की तीनदा, हे मला अधिक नेमके सांगता येईल.